रीड एरर आला म्हणून लग्नाची डीव्हीडी भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आली की घराघरात माळे उपसायला सुरुवात होते आणि त्यातून हमखास निघतो तो डीव्हीडींचा गठ्ठा. लग्न, साखरपुडा, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, आजोबांची पंच्याहत्तरी, सगळं त्या चकत्यांवर. मग घरातलं कोणीतरी हौसेने बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह, म्हणजे डिस्क वाचायचं यंत्र, मागवतं, डिस्क आत घालतं, फाइली कॉपीला लावतं आणि तीस-चाळीस टक्क्यांवर गाडी अडते, स्क्रीनवर सायक्लिक रिडंडन्सी चेक असं काहीतरी अगम्य येतं, परत करून बघतात, परत तेच, मग "जाऊ दे, गेली ही" म्हणून तो गठ्ठा भंगारवाल्याच्या पोत्यात जातो नाहीतर गॅलरीत. गॅलरीत म्हणजे खरंच गॅलरीत, आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायट्यांमध्ये मान वर करून बघा, कबुतरं येऊ नयेत म्हणून दोऱ्याला डीव्हीडी टांगलेल्या दिसतील. मागे एका ओळखीच्यांकडे अशीच टांगलेली एक हातात घेऊन बघितली तर तिच्यावर काळ्या मार्करने "शुभविवाह, भाग २" लिहिलेलं, मधल्या भोकातून नायलॉनची दोरी ओवलेली आणि उन्हाने खालच्या बाजूची जांभळी झाक पार उडालेली. आता ती खरंच गेलेली होती. पण टांगायच्या आधी गेलेली होती का, हे कोणी नीट तपासलंच नव्हतं.

मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि अशा "गेलेल्या" डिस्का माझ्याकडे सतत येतात. अनुभवाने सांगतो, रीड एरर, म्हणजे "वाचता येत नाही" असा संदेश, येणाऱ्या घरगुती डीव्हीडींपैकी बऱ्याच डिस्कांवरचा बहुतेक भाग अजून वाचता येतो. चुकते ती कॉपी करायची पद्धत. आणि हे लोकांना कोणी सांगत नाही, दुकानात गेलं तर दोन मिनिटांत "डिस्क करप्ट आहे काका" असं उत्तर मिळतं, म्हणून हे पत्र, जरा लांब झालं तरी कृपया कापू नका.

सगळ्यात आधी लोकांच्या मनातला एक गोंधळ. टीव्हीखालच्या प्लेअरला डिस्क छान चालते आणि कॉम्प्युटरवर एरर येतो, असं कसं? कारण प्लेअरला फक्त चित्र दाखवायचं असतं. एखादा तुकडा वाचता आला नाही तर तो पुढे उडी मारतो, तुम्हाला क्षणभर चौकोन चौकोन दिसतात आणि सिनेमा पुढे चालू. कॉम्प्युटरला फाइल कॉपी करायला सांगितली की त्याला एकूण एक बाइट बरोबर लागतो. डीव्हीडीवरचा डेटा २०४८ बाइटच्या छोट्या तुकड्यांमध्ये, म्हणजे सेक्टरमध्ये असतो, असे सोळा सेक्टर मिळून ३२ केबीचा एक ब्लॉक होतो आणि प्रत्येक ब्लॉकबरोबर चूक दुरुस्त करायचा जादा डेटा लिहिलेला असतो. त्यामुळे बारीकसारीक चरे, धूळ, बोटांचे ठसे हे सगळं ड्राइव्ह आतल्या आत दुरुस्त करून घेतो, आपल्याला कळतही नाही. पण एखाद्या ठिकाणी खराबी त्या दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेली की ड्राइव्ह हात टेकतो आणि विंडोजला सांगतो, इथलं वाचता येत नाही. आणि विंडोज काय करतं, तर ती अख्खी फाइलच सोडून देतं, जेवढी कॉपी झाली होती तेवढीसुद्धा ठेवत नाही. व्हिडिओ डीव्हीडीवर व्हिडिओ टीएस फोल्डरमध्ये ज्या व्हीओबी फाइली असतात त्या एकेक जीबीपर्यंतच्या, म्हणजे नेहमीच्या क्वालिटीला साधारण पंचवीस-तीस मिनिटांचं शूटिंग एका फाइलमध्ये. ओल्याबरोबर सुकंही जळतं तसं, एका ३२ केबीच्या ब्लॉकपायी अर्ध्या तासाचं लग्न जातं! प्रत्यक्षात त्या ब्लॉकमध्ये सेकंदाचा जेमतेम विसावा भाग असतो, आणि एमपेग-२ ची, म्हणजे डीव्हीडीवर व्हिडिओ साठवायच्या पद्धतीची, रचना अशी की बिघडलेलं चित्र साधारण अर्ध्या सेकंदात आपोआप सावरतं. म्हणजे नुकसान अर्ध्या सेकंदाचं आणि आपण फेकतो पूर्ण डिस्क.

पंचवटीतल्या एका काकूंची डिस्क सांगतो, म्हणजे कळेल. मुलाच्या मुंजीची डीव्हीडी, २००७ सालची. काका आता नाहीत. मुलगा बाहेरगावी असतो, त्याने सुट्टीत येऊन कॉपी करायचा प्रयत्न केला, पहिल्या दोन फाइली आल्या, तिसरी येईना. तिसऱ्या फाइलमध्येच नेमकं काकांनी शेल्याखाली बटूला गायत्री मंत्र दिला ते होतं. दुकानात दाखवली, त्यांनी गेली म्हणून सांगितलं आणि वर पॉलिश करून बघू का विचारलं. काकू बिचाऱ्या डबीत घालून, वर रुमाल गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या.

डिस्क बघितली तर खालच्या बाजूला फार चरे नव्हतेच. गडबड वरच्या बाजूला होती, तिथे बटूचा फोटो छापलेला गोल कागदी स्टिकर, आणि तो एका बाजूने फुगून सुटलेला. त्या काळात फोटोग्राफर लोक हौसेने असे स्टिकर लावून द्यायचे, दिसायला फार देखणे. पण वेगाने फिरताना डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेते, सोळा पटीच्या स्पीडला तर नऊ-दहा हजारांच्या घरात, अशा वेळी कागद एका बाजूला सुटला किंवा सरकला की डिस्कचा तोल जातो आणि ती थरथरते, आणि लेसरला मायक्रोमीटरपेक्षाही बारीक रेघेवर नजर ठेवायची असते. थरथर सगळ्यात जास्त जाणवते बाहेरच्या कडेकडे. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणून सुरुवातीच्या फाइली आल्या आणि पुढच्या अडल्या, यात नवल नाही. स्टिकर ओढून काढायचं मात्र डोक्यात आणू नका, ओढताना डिस्कच्या दोन चकत्या एकमेकींपासून सुटू शकतात. सुटलेला भाग हलकेच दाबून बसवला, जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये टाकली, स्पीड उतरवून चार पटीवर आणला आणि रात्रभर तिला सावकाश वाचू दिलं. कसं ते पुढे लिहितो. शेवटी अख्ख्या डिस्कमधला चार-पाचशे केबीचा भाग तेवढा राहिला. भिक्षावळीच्या वेळी दोन-तीनदा हिरवे-गुलाबी चौकोन येतात. शेल्याखालचा मंत्र पूर्ण आला, आवाजासकट.

आता पद्धत. डिस्क हातात घेतल्यावर आधी ती उजेडात तिरकी धरून बघा. डीव्हीडी ही दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते, प्रत्येकी साधारण ०.६ मिलिमीटरची, आणि डेटा मधोमध असतो, त्यामुळे खालून आणि वरून दोन्हीकडून त्याला प्लास्टिकचं संरक्षण आहे. सीडीचं तसं नाही, सीडीचा डेटा वरच्या छापील बाजूच्या अगदी लगेच खाली असतो, म्हणून सीडीच्या वरच्या बाजूला चरा पडला की ती जागा कायमची गेली. डीव्हीडीच्या खालच्या बाजूचा चरा बहुतेक वेळा वरवरचा असतो. कडेला बघा, दोन चकत्यांमध्ये पाणी किंवा ढगासारखा डाग शिरलेला दिसला तर काम अवघड आहे आणि घाई करायला पाहिजे, ते वाढत जातं.

मग धुवा. नळाच्या साध्या पाण्याखाली, भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, बोटाने हलकेच, आणि मऊ सुती कापडाने पुसताना मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसायचं नाही. कारण गोल चरा पडला तर तो डेटाच्या रेघेबरोबर लांबवर पळतो आणि एकाच ब्लॉकमधलं बरंच काही खातो, आडवा चरा मात्र प्रत्येक फेरीत थोडंसंच खातो, ते दुरुस्त होतं. एवढी एकच सवय लागली तरी खूप डिस्का वाचतील. आपल्याकडे २००८ च्या सप्टेंबरमधल्या गोदावरीच्या पुरात गंगाघाटाच्या आसपास, सराफ बाजार, भांडी बाजारात ज्यांच्या घरादुकानांत पाणी शिरलं त्यांच्याकडे अजूनही गाळ वाळलेल्या डिस्का निघतात. त्या कोरड्या पुसू नका, तो गाळ पॉलिश पेपरचं काम करतो. पाण्यात भिजत ठेवा, गाळ स्वतःहून सुटू द्या, मग पुसा. पाण्याने थोडा वेळ भिजल्याने चांगल्या डीव्हीडीचं सहसा काही बिघडत नाही. कागदी स्टिकर असेल तर मात्र भिजवू नका, खालची बाजू ओल्या कापडाने तेवढी टिपून घ्या.

टूथपेस्ट, केळ्याची साल, व्हॅसलीन हे व्हिडिओत बघून करणारे बरेच आहेत. टूथपेस्ट घासून काम करते, म्हणजे थोडं प्लास्टिक काढून टाकते. हा अगदी शेवटचा उपाय, तोही चरा खोल असेल आणि आधी वाचता येईल तेवढं सगळं उतरवून घेतलं असेल तरच. दुकानातल्या पॉलिश मशीनचंही तेच. ज्या डिस्कवर चराच नाही ती पॉलिश करून काय मिळणार? आणि रेकॉर्ड केलेल्या डिस्का म्हणजे डीव्हीडी-आर वगैरे, त्यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो, लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात, तो थर वर्षानुवर्षांनी, ऊन-उष्णतेने फिका पडला असेल तर वरून कितीही चकाचक करा, उपयोग शून्य. कंपनीतून छापून आलेल्या सिनेमाच्या डिस्का यापेक्षा दणकट, त्यात खड्डे ठशानेच उमटवलेले असतात.

यानंतरचा उपाय सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी लोक करतात, तो म्हणजे ड्राइव्ह बदला. प्रत्येक ड्राइव्हचा लेसर, त्याची लेन्स, आतलं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, सगळं वेगळं. एकात साफ न चालणारी डिस्क दुसऱ्यात निमूट चालते, हे मी इतक्यांदा बघितलंय की एका ड्राइव्हवर बघून "करप्ट" म्हणणाऱ्यावर मी विश्वासच ठेवत नाही. जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा बहुधा बरा निघतो. असा जुना ड्राइव्ह कोणाकडे पडला असेल तर सॅटा टू यूएसबी अडॅप्टर (डेस्कटॉपच्या ड्राइव्हला यूएसबी टोक देणारा जोड) घेऊन लॅपटॉपला जोडता येतो, फक्त अडॅप्टरला स्वतःचा वीजपुरवठा असलेला घ्या, मोठ्या ड्राइव्हला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत.

आणि विजेचं निघालंच आहे तर, नवीन विकत घेतलेल्या स्लिम ड्राइव्हबद्दलच्या निम्म्या तक्रारी मूळात विजेच्या असतात. साध्या यूएसबी २ पोर्टची अधिकृत मर्यादा ५०० मिलिअँपिअर. डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह त्यापेक्षा जास्त मागतो. तो हबला लावला, किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब केबलने लावला, की मध्येच टिंग वाजून ड्राइव्ह गायब होतो, परत येतो, आणि स्क्रीनवर मात्र रीड एररच दिसतो, मग माणूस डिस्कला दोष देतो. मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा, किंवा दोन यूएसबी टोकं असलेली केबल मिळते ती वापरा. ड्राइव्ह जुना आणि बरीच वर्षं बंद पडलेला असेल तर लेन्सवर धूळ असणारच. स्लिम ड्राइव्हचा ट्रे उघडला की लेन्स समोरच दिसते, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर हात लावून अगदी हलकं पुसायचं, दाबायचं नाही, ती तारांवर तरंगत असते.

आता मुख्य गोष्ट, कॉपी. फाइली ओढून दुसरीकडे टाकायच्या नाहीत आणि हँडब्रेकसारख्या कन्व्हर्टरला थेट खराब डिस्क द्यायची नाही, तो बिचारा एकाच वेळी वाचतोय आणि कन्व्हर्ट करतोय, अडला की सगळंच अडतं. आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, काढायची, मग निवांत बाकीचं. खराब डिस्कसाठी माझ्या मते सगळ्यात उत्तम हत्यार म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम. फुकट आहे, लिनक्सवर चालतं (विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी प्रणाली), उबुंटू या लिनक्सचा पेनड्राइव्ह करून कुठलाही कॉम्प्युटर त्यावरून चालू करा, तिथे पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे. काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागतं म्हणून लोक घाबरतात, पण कामाची ओळ एकच असते. त्याला तीन गोष्टी सांगायच्या, कुठून वाचायचं, कुठे लिहायचं आणि नोंदवही कुठे ठेवायची. ही नोंदवही म्हणजे मॅप फाइल, आणि सगळी गंमत तिच्यात आहे. डिस्कचा कुठला भाग वाचला, कुठला अडला, सगळं तिच्यात टिपलेलं असतं. सेक्टरचा आकार २०४८ सांगायला विसरू नका, कारण तो प्रोग्राम मूळचा हार्ड डिस्कच्या हिशोबाने ५१२ धरतो.

पहिल्या फेरीत त्याला सांगायचं की अडलेल्या जागेशी भांडत बसू नको, उडी मारून पुढे जा आणि जे सहज मिळतंय ते आधी उतरव. हे फार महत्त्वाचं. आपण नेमकं उलटं करतो, अडलेल्या जागीच ड्राइव्हला तासन्‌तास घरघर करायला लावतो, ड्राइव्ह तापतो, डिस्क तापते, आणि ज्या चांगल्या भागापर्यंत पोचायचं तिथे पोचतच नाही. चांगला भाग हातात आला की मग दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागा, स्पीड कमी करून, दोन-तीन वेळा प्रयत्न. त्यानंतर उलट्या दिशेने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. त्यानंतर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, त्याच मॅप फाइलसकट. दुसरा ड्राइव्ह आधीचं काही पुन्हा वाचत नाही, फक्त भोकं बुजवतो. पहिल्या ड्राइव्हला जमलं नाही ते दुसऱ्याला जमतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. शेवटी जे राहील तिथे रिकामी जागा राहते आणि इमेज पूर्ण लांबीची तयार होते, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते, त्या जागी तेवढं चित्र फाटतं, बस.

आणि यातली सगळ्यात हुकमी गोष्ट. लग्नाची डीव्हीडी एक कधीच नसते. मुलीकडची एक, मुलाकडची एक, मामाकडे एक. फोटोग्राफरने एकाच इमेजवरून सगळ्या बर्न केलेल्या असतील तर त्यांचा सेक्टर न् सेक्टर सारखा असतो. दोन्हींचा एकूण आकार अगदी बाइटपर्यंत जुळतोय का बघा. जुळला, तर एकीतली भोकं दुसरीतून भरता येतात, त्याच मॅप फाइलने. दोन्ही डिस्का वेगवेगळ्या ठिकाणी खराब असतात, एकाच जागी दोघी खराब असण्याची शक्यता फार कमी, म्हणून दोन "गेलेल्या" डिस्कांमधून एक अख्खी कॉपी निघते. तेव्हा कोणाची डिस्क खराब झाली तर आधी व्याह्यांना फोन करा.

विंडोजवरच करायचं असेल तर आयसोबस्टर हा प्रोग्राम आहे, तोही अडलेले सेक्टर सोडून पुढे जाऊ शकतो. आणि डिस्क उघडतच नसेल, फोल्डरमधल्या आयएफओ फाइलवरच (हिच्यात व्हिडिओ कुठे आणि कसा लावायचा ही माहिती असते) एरर येत असेल, तर शेजारी बीयूपी नावाची तिची जुळी प्रत असते, ती त्यासाठीच दिलेली असते, कॉपी करून नाव बदललं की काम होतं.

काही डिस्का खराब नसतातच. २००५ ते २०१० च्या सुमारास बऱ्याच घरांत छोट्या ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे हँडीकॅम होते, १.४ जीबीची डिस्क, अर्ध्या तासाचं शूटिंग. शूटिंग झाल्यावर ती फायनलाइज, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून बंद करावी लागायची, आणि ते राहिलं की कॉम्प्युटर ती कोरी आहे असं सांगतो. कोरी नसते! चालू स्थितीतला तोच कॅमेरा मिळाला तर त्यातच फायनलाइज करा, नाहीतर आयसोबस्टरसारखा प्रोग्राम आत डोकावून बघू शकतो. फक्त अशी छोटी डिस्क खाचेतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकून बसते, ट्रेवाल्याच ड्राइव्हमध्ये आतल्या छोट्या गोल खाचेत ठेवायची. कोरी दिसतेय म्हणून त्यावर नवीन काही बर्न करायचं तर अजिबातच नाही.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडींचा प्रश्न वेगळा. त्यांना सीएसएस नावाचं कुलूप असतं, काही डिस्कांवर तर कॉपी अडवायला मुद्दाम खराब सेक्टर ठेवलेले असतात, शिवाय रीजनचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा प्रश्न, आपला भारत रीजन ५ मध्ये, आणि बहुतेक ड्राइव्हला रीजन पाचदाच बदलता येतो. तिथे येणारा रीड एरर म्हणजे चरा नव्हे, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अशी कुलपं तोडण्याबद्दल वेगळं कलमही आलंय. त्या वाटेला जायची गरजही नाही. २००७ च्या आसपास मोझर बेअर कंपनीने सिनेमांची २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकली होती, घरोघरी त्यांचे ढीग झाले. ते सिनेमे आज ना उद्या कुठेतरी परत मिळतील. तुमच्या आजीने जात्यावरची ओवी म्हटलेली डिस्क कुठल्या दुकानात मिळणार? जीव तिथे लावा.

आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते. २००० नंतरच्या दहा वर्षांत लोकांनी व्हीएचएस कॅसेटी दुकानात देऊन डीव्हीडी करून घेतल्या. "डीव्हीडी आयुष्यभर टिकते" असं छातीठोक सांगितलं गेलं आणि लोकांनी विश्वासाने मूळ कॅसेटी फेकल्या. म्हणजे आज त्या शूटिंगची जगातली एकमेव प्रत ही स्वस्तातली रेकॉर्डेबल डिस्क आहे, प्लास्टिकच्या पाकिटात, माळ्यावर, वर पत्र्याचं छत आणि एप्रिल-मेचा नाशिकचा उन्हाळा. या डिस्का आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या. आज जी ९९ टक्के वाचता येते ती आणखी पाच वर्षांनी तेवढी वाचता येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि चांगले ड्राइव्हही दुकानांतून कमी होत चाललेत. म्हणून ज्यांना अजून एरर आलेला नाही त्यांनीसुद्धा याच वर्षी इमेज काढून ठेवाव्यात.

इमेज काढल्यावर ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी आणि एक भावाकडे-बहिणीकडे. पेनड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका. मोबाइलवर बघायला म्हणून एमपी४ करा, पण मूळ आयएसओ पुसू नका, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ म्हणजे बॅकअप समजू नका, तो दाबून बारीक केलेला असतो.

आता साहेब, तुमच्यामार्फत काही लोकांना विनंती. पहिली आपल्या शहरातल्या कॉम्प्युटर दुकानदारांना. गिऱ्हाइकाला "डिस्क गेली" सांगण्याआधी निदान दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा आणि अडलेला भाग सोडून बाकीचा काढून देता येतो हे त्याला सांगा, त्याचे योग्य पैसे घ्या, लोक आनंदाने देतील. दुसरी लग्नाची शूटिंग करणाऱ्यांना, तुमच्या जुन्या हार्ड डिस्का फॉरमॅट करायच्या आधी त्या काळातल्या गिऱ्हाइकांना एक फोन करा, कोणाची तरी एकुलती एक चांगली प्रत तुमच्या कपाटात असेल. तिसरी ग्रंथालयं, गणेश मंडळं, शाळा आणि नाट्यसंस्थांना. गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला होते, कालिदास कलामंदिरात कार्यक्रम होतात, २००३ च्या आणि २०१५ च्या सिंहस्थात लोकांनी हौसेने किती शूटिंग केलं, त्यातलं बरंचसं डीव्हीडीवरच पडून असणार आणि कोणाच्या तरी घरी सडत असणार. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, नवीन ड्रोनचं शूटिंग धो धो होईल, जुनं मात्र असंच जाईल. सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था आपल्या गावात आहे, तिने किंवा कुठल्याही मोठ्या वाचनालयाने एक जुना डेस्कटॉप, दोन-तीन वेगवेगळे डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक शिकवलेला मुलगा एवढं आठवड्यातून एक दिवस ठेवलं तरी नाशिककरांची केवढी सोय होईल. खर्च अगदी किरकोळ, कारण असे ड्राइव्ह आज लोक भंगारात देतायत. कॉलेजातल्या मुलांना प्रोजेक्ट म्हणूनही हे करता येईल, डीडीरेस्क्यू शिकायला एक दुपार पुरते. असं कोणी सुरू करत असेल तर माझ्याकडचे दोन जुने चालू ड्राइव्ह आणि रविवारची सकाळ मी द्यायला तयार आहे, वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहेच.

हे पत्र शक्यतो वसुबारसेच्या आधी छापावं, साफसफाई त्याआधीच सुरू होते आणि भंगारवाले तेव्हापासूनच फिरायला लागतात.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक